न्यूक्लिअर आणि ऑप्टिकल इमेजिंग एकत्र का करतात? एकाने भागत नाही का?

प्रश्न परभणीच्या एका एम.एस्सी. फिजिक्सच्या विद्यार्थ्याने विचारला आहे. पेट आणि स्पेक्ट स्कॅनमध्ये (किरणोत्सर्गी औषध देऊन त्याचे किरण शरीराबाहेरून टिपणारे स्कॅन) सगळं शरीर दिसतं, मग त्याच्या जोडीला चमकणारे रंग आणि ती चमक टिपणारे फ्लुओरेसन्स कॅमेरे कशाला, असा मुख्य प्रश्न. आणि खाली एक ओळ: आपल्या मराठवाड्यात हे कुठे आहे का, आणि फिजिक्सवाल्याला यात जागा आहे का?

मी छत्रपती संभाजीनगरात न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट आहे, बारा वर्षं झाली. मूळ गाव केज तालुक्यात. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचाराचा सल्ला माझ्याकडून घेऊ नका. पण हे किरणोत्सर्गी औषध तयार करणं, मोजणं आणि कधी कधी मोजणीचं यंत्र घेऊन ऑपरेशन थिएटरात उभं राहणं हे माझं रोजचं काम आहे.

आधी गावाकडची गोष्ट. कडब्याच्या गंजीत साप शिरला की दोन गोष्टी लागतात, कुत्रं आणि बॅटरी. कुत्रं बाहेरूनच सांगतं की साप आत आहे आणि या अंगाला आहे. नेमका कोणत्या पेंढीखाली, ते त्याला सांगता येत नाही. बॅटरीच्या उजेडात साप खवल्यांसकट दिसतो, पण तो उजेड वरच्या दोन पेंढ्यांपलीकडे जात नाही. नुसती बॅटरी घेऊन गंज उपसायला बसलात तर सकाळ होईल. नुसत्या कुत्र्याच्या भरवशावर आत हात घालणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

न्यूक्लिअर म्हणजे कुत्रं, ऑप्टिकल म्हणजे बॅटरी. आता यातलं फिजिक्स.

आमच्याकडे सर्वांत जास्त वापरलं जातं ते टेक्नेशियम-९९एम. त्यातून १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं माप) इतक्या ऊर्जेचे गॅमा किरण निघतात, आणि साधारण साडेचार सेंटिमीटर मांसातून गेल्यावर त्यातले निम्मे उरतात. म्हणजे पोटात खोलवर काही असलं तरी बाहेर पुरेसे किरण पोचतात. पण किरण कुठून आला हे कळायला गॅमा कॅमेऱ्यापुढे शिशाची जाळी लावावी लागते, आणि ती जाळी तिरके येणारे सगळे किरण गिळते. दहा हजारांत एखादा आत येतो. म्हणून चित्र धूसर येतं, आठ-दहा मिलिमीटरपेक्षा बारीक काही नीट सुटं दिसत नाही. पेटमध्ये ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन किरण एकमेकांच्या उलट दिशेला जातात, त्यामुळे जाळी लागत नाही आणि चित्र चार-पाच मिलिमीटरपर्यंत सुधारतं. तरी दोन मिलिमीटरचा कॅन्सरचा ठिपका बहुतेक वेळा निसटतोच.

उजेडाचं उलटं आहे. लोडशेडिंगच्या रात्री तुम्ही लहानपणी बॅटरीवर तळहात ठेवला असेलच. हात लाल दिसतो, कारण निळा-हिरवा उजेड रक्त खाऊन टाकतं आणि लाल तेवढा पार जातो. आणि आपल्याला वाटायचं की आता हाडं दिसतील, पण ती दिसत नाहीत, कारण पार गेलेला उजेडही मांसात इकडेतिकडे विखुरून गेलेला असतो. ऑप्टिकल इमेजिंगच्या दोन्ही अडचणी त्या तळहातात आहेत: शोषण आणि विखुरणं. शोषणातून वाट काढायला लालच्या पलीकडे जायचं, ६५० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दरम्यान, जिथे रक्तही कमी खातं आणि पाणीही. इंडोसायनिन ग्रीन नावाचा जुना रंग, अमेरिकेत १९५९ पासून मान्यता असलेला, ८०० नॅनोमीटरच्या आसपास उजेड घेतो आणि किंचित पुढच्या लांबीवर परत सोडतो. तो डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो, आणि पडद्यावर सोयीसाठी हिरवा रंगवतात. पण विखुरणं काही सुटत नाही. काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर, त्याखालचं अंधारातच राहतं. मात्र जे दिसतं ते लख्ख आणि त्या क्षणी दिसतं. सर्जनचा चिमटा हलताना दिसतो.

एवढं पुस्तकात मिळतं. मला हे पटलं ते माझ्या मामामुळे.

मामाच्या तोंडात सकाळपासून रात्रीपर्यंत तंबाखू-चुना. जिभेच्या कडेला जखम झाली, भरेना, तपासल्यावर कॅन्सर निघाला. लवकरचा होता, मानेला हात लावून गाठ लागत नव्हती. तरी ऑपरेशनमध्ये जिभेच्या तुकड्याबरोबर मानेच्या त्या बाजूच्या लसिका ग्रंथी काढल्या. रिपोर्ट आला: काढलेल्या सगळ्या ग्रंथी स्वच्छ. घरात पेढे वाटले. सहा महिन्यांनी मामा मला म्हणाला, "भाच्या, आजार गेला म्हणतेत, मग खांदा कामून वर होईना?" मानेतून खांद्याकडे जाणारी नस या ऑपरेशनच्या वाटेतच असते. ती शाबूत ठेवली तरी दुखावते. मामाला अजून गव्हाचं पोतं पाठीवर घेता येत नाही.

चूक कोणाचीच नव्हती, हे मुद्दाम सांगतो. टाटा मेमोरियलचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: तोंडाच्या लवकरच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या ग्रंथी आधीच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते, आणि थांबून, गाठ दिसल्यावर काढल्या तर ६७.५ टक्के. एवढा फरक असताना कोणता डॉक्टर थांबेल? पण त्याच अभ्यासात आधीच काढलेल्या मानांपैकी साधारण ३० टक्क्यांतच कॅन्सर सापडला. उरलेले ७० टक्के म्हणजे माझे मामा.

तर खरा प्रश्न असा: कोणाची मान उघडायची आणि कोणाची नाही, हे आधी कसं ओळखायचं? पेट इथे पुरत नाही, कारण सुरुवातीचा ठिपका मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा असतो. म्हणून ठिपका शोधायचाच नाही, वाट शोधायची. आपल्या शहराला बावन्न दरवाजे म्हणतात. दिल्लीकडून येणारा दिल्ली दरवाज्यातून यायचा, पैठणकडचा पैठण गेटातून. शत्रू पैठणच्या रस्त्याने येणार असेल तर आधी पैठण गेटावरचा पहारेकरी विचारा. तिथे कोणी दिसलं नसेल तर शहरातल्या सगळ्या पेठा उपसायची गरज नाही. गाठीपासून निघालेला लसिकेचा प्रवाह ज्या पहिल्या ग्रंथीत पोचतो ती सेंटिनल नोड, म्हणजे वेशीवरची ग्रंथी. तेवढी एक-दोन काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची.

आणि इथेच न्यूक्लिअर-ऑप्टिकल जोडी कित्येक वर्षांपासून कामाला आहे, फक्त तिला कोणी असं भारदस्त नाव दिलं नव्हतं. १९९२ मध्ये सर्जन मॉर्टन यांनी मेलॅनोमात, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये, निळा रंग टोचून ही ग्रंथी शोधली. १९९३ मध्ये सर्जन क्रॅग यांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये किरणोत्सर्गी द्रव आणि गॅमा प्रोब, म्हणजे किरण मोजणारी हातातली कांडी, वापरून. मग लोकांनी दोन्ही एकत्र केलं. स्तनाच्या ऑपरेशनला आमच्याकडेही हीच पद्धत: मी टेक्नेशियमचा कोलॉइड, म्हणजे बारीक कणांचा द्रव, देतो, थिएटरात सर्जन मिथिलीन ब्लू टोचतात. प्रोब बगलेवरून फिरवला की टिकटिक वाढते, तिथे छेद, आणि आत निळी ग्रंथी. आधी कान, मग डोळा.

(जाता जाता: मिथिलीन ब्लू दिल्यावर लघवी हिरवी-निळी होते, आणि हे नातेवाइकांना कोणीतरी सांगायचं असतं. एकदा नाही सांगितलं. गेवराईकडच्या एका मावशींच्या पोराने रात्री अकराला घाबरून फोन केला, "सर, आईला इख चढलं का काय?" तेव्हापासून मी कागदावर लिहूनच देतो.)

या जुन्या जोडीत एक खोट आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं गाभ्यातलं उत्तर त्या खोटीत आहे. किरणोत्सर्गी कण वेगळे, निळा रंग वेगळा. कण जाडे, ते पहिल्या ग्रंथीत अडकून बसतात. रंगाचे रेणू बारके, ते पहिली ओलांडून दुसरीत, तिसरीत जातात. कधी टिकटिकणारी ग्रंथी निळी नसते, कधी निळी टिकटिकत नाही. म्हणजे कुत्रं एका सापावर भुंकतंय आणि बॅटरी दुसऱ्यावर. दोन्ही यंत्रं बिनचूक, पण ती एकाच वस्तूबद्दल बोलतच नाहीत. दोन तंत्रं एकत्र वापरणं आणि दोन्ही खुणा एकाच रेणूवर किंवा कणावर बसवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नेदरलँडच्या मंडळींनी २०१०च्या सुमारास याचं फार सोपं उत्तर काढलं. टेक्नेशियम बसवलेला अल्ब्युमिनचा (रक्तातलं एक प्रथिन) नॅनोकोलॉइड आधीपासून वापरात होताच. इंडोसायनिन ग्रीनला अल्ब्युमिन आवडतं, ते आपणहून चिकटतं. दोन्ही मिसळले की एकाच कणावर किरणही आणि चमकही. आदल्या दिवशी स्पेक्ट-सीटीवर वाट पाहायची, दुसऱ्या दिवशी त्याच कणांची चमक कॅमेऱ्यात पाहून कापायचं. कोणतीही मोठी रासायनिक करामत नाही. मला या क्षेत्रातलं सर्वांत सुंदर काम हेच वाटतं, कारण मिसळून भागतं तिथे त्यांनी उगाच रसायनशास्त्र झाडलं नाही.

आता परत मामाच्या तोंडाकडे. जिभेखालच्या, तोंडाच्या तळाच्या कॅन्सरमध्ये वेशीवरची ग्रंथी गाठीला अगदी लागून असते. आपण औषध टोचतो गाठीभोवती, त्यातलं बहुतेक तिथेच राहतं आणि त्यातला अगदी थोडा हिस्सा ग्रंथीत जातो. टोचल्याजागी किरणांचा एवढा गोंगाट असतो की दोन सेंटिमीटरवरची ग्रंथी ऐकूच येत नाही. शेजारी लग्नाचा डीजे लागलाय आणि तुम्ही कुत्र्याचं भुंकणं ऐकताय, तसं. तिथे गॅमा प्रोब हतबल. आणि नेमकं तिथेच उजेडाचा कमकुवतपणा कामी येतो: तो लांब जात नाही, म्हणून टोचल्याजागेची चमकही लांब येत नाही. कॅमेऱ्यात ग्रंथी सुटी, वेगळी दिसते. एकाची उणीव दुसऱ्याची ताकद आहे असं सगळेच म्हणतात. इथे उजेडाची उणीव हीच त्याची स्वतःची ताकद झाली, मला हे फार आवडतं.

हे झालं वाट शोधण्याचं. खुद्द कॅन्सरच्या पेशीला चिकटणाऱ्या रेणूवर दोन्ही खुणा बसवायच्या म्हटलं की प्रकरण अवघड होतं. प्रोस्टेट कॅन्सरसाठी पेटमध्ये वापरतात ते पीएसएमएवाले रेणू (त्या कॅन्सरच्या पेशीवरच्या पीएसएमए नावाच्या प्रथिनाला चिकटणारे) अगदी लहान. त्यावर किरणोत्सर्गी गॅलियम-६८ बसवलं तर फारसं बिघडत नाही. पण चमकणारा रंग हा स्वतःच मोठा रेणू, कधी मूळ रेणूइतकाच. शेळीच्या पाठीवर बैलाचं ओझं. शेळी चालते, पण तिची चाल बदलते: मूत्रपिंडाऐवजी यकृताकडे जाते, रक्तात जास्त वेळ राहते. जर्मनीत असे दुहेरी रेणू रुग्णांपर्यंत पोचलेत, पण त्यामागे जोडणीचे तुकडे बदलून बदलून पाहण्यात गेलेली वर्षं आहेत. अँटिबॉडीला हे ओझं जाणवत नाही, ती मुळातच दीड लाख डाल्टनची (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप). नेदरलँडमध्येच मूत्रपिंडाच्या कॅन्सरसाठी एका अँटिबॉडीवर इंडियम-१११ आणि चमकणारा रंग दोन्ही बसवून रुग्णांवर वापरलं आहे. अडचण एवढीच की अँटिबॉडीला गाठीत जमायला आणि रक्तातून साफ व्हायला दिवस लागतात. म्हणून २.८ दिवसांच्या अर्धायुष्याचं (म्हणजे तेवढ्या वेळात निम्मं होणारं) इंडियम किंवा ७८ तासांचं झिर्कोनियम-८९ लागतं. सहा तासांचं टेक्नेशियम तिथे उपयोगाचं नाही.

कोणी म्हणेल, नुसता चमकणारा रंग का नको? अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरसाठी पॅफोलॅसियानिन नावाच्या चमकणाऱ्या रंगाला मान्यता मिळाली, त्यात किरणोत्सर्ग नावालाही नाही. ते छानच. पण आत कापल्याशिवाय कळत नाही की या बाईच्या गाठीने तो रंग घेतलाय का. तोच रेणू आधी किरणोत्सर्गी रूपात देऊन बाहेरून पाहता आलं तर किती घेतलंय हे आकड्यात कळतं. चमकेचा आकडा भरवशाचा नसतो. वर दोन मिलिमीटर चरबी आली की उजेड घटतो आणि वाटतं की गाठच कमी आहे.

फिजिक्सवाल्यासाठी मुद्दाम राखून ठेवलेला भाग आता. एकाच अणूने दोन्ही खुणा दिल्या तर? रंग जोडायलाच नको. तुर्भ्याची अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. पाण्यात बुडवलेल्या गाभ्याभोवती निळी आभा दिसायची, आणि त्यावरूनच नेहरूंनी तिला हे नाव दिलं असं सांगतात. ती आभा म्हणजे चेरेन्कोव्ह प्रकाश. पाण्यात उजेडाचा वेग निर्वातातल्या पाऊणपट होतो. इलेक्ट्रॉन त्यापेक्षा जोरात धावला की मागे निळा उजेड सोडतो. चेरेन्कोव्ह यांनी हे १९३४ मध्ये नोंदवलं, १९५८ मध्ये फ्रँक आणि टाम यांच्याबरोबर नोबेल मिळालं. पाण्यात यासाठी इलेक्ट्रॉनला साधारण २६३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. पेटच्या फ्लोरिन-१८ मधले पॉझिट्रॉन (धन भाराचे इलेक्ट्रॉन) ६३३ पर्यंत जातात, गॅलियम-६८ चे १९०० च्या आसपास. म्हणजे पेटचं इंजेक्शन दिलेला रुग्ण खरोखरच मंद चमकत असतो! २००९ मध्ये उंदरांत हा उजेड कॅमेऱ्याने टिपला, पुढच्या काही वर्षांत माणसांत.

आता तळहातावरची बॅटरी आठवा. हा उजेड निळा, आणि निळा रक्त खातं. शिवाय तो इतका क्षीण की खोलीत मोबाइलचा पडदा पेटला तरी सगळं वाया. म्हणून थिएटरात उघड्या जखमेवर तो पाहणं महाकठीण. त्यापेक्षा एक शहाणी वाट निघाली: काढलेली गाठच अंधाऱ्या डब्यात ठेवायची आणि कडेला चमक आहे का पाहायचं. कड चमकली म्हणजे आत काहीतरी राहिलंय. ब्रिटनमध्ये स्तनाच्या गाठींवर हे करून पाहिलं आहे. मला विचाराल तर तुमच्यासारख्यांचं काम इथे आहे: संवेदनशील कॅमेरा, गॅमा किरण थेट सेन्सरवर आदळून पडणारे खोटे ठिपके वेगळे काढणं, उजेड किती खोलवरून आला त्याचा हिशेब.

प्रयोगशाळेत काजव्याचं ल्युसिफरेज (उजेड पाडणारं एन्झाइम) बनवणारं जनुक आणि पेशी पेटमध्ये दिसावी म्हणून लागणारं जनुक एकाच पेशीत घालून उंदरांत तिचा माग काढतात. अंबाल्यात जन्मलेले आणि पुढे स्टॅनफर्डला गेलेले संजीव गंभीर यांचं यात फार मोठं काम आहे. पण माणसात काजव्याचं जनुक घालायचं कोणाच्या मनात नाही, म्हणून ते इथेच सोडतो.

आणि एक कडू बोलतो. या विषयावर निघणाऱ्या शोधनिबंधांतलं बरंचसं "जमतंय म्हणून केलं" या जातीचं असतं. यकृताच्या आतली गाठ, मणक्यातला डाग, फुप्फुसाच्या मध्यावरचा ठिपका, जिथे कोणी चाकू नेणारच नाही तिथे चमकेचा उपयोग शून्य. तिथे पेट-सीटी पुरेसा आहे. मी एखादा दुहेरी रेणू वाचतो तेव्हा आधी एवढंच बघतो: शेवटी उघडून कोणी बघणार आहे का? नसेल तर पान उलटतो.

मराठवाड्याचं सांगायचं तर, भूम आणि परांडा हे धाराशिवचे तालुके १९८७ पासून बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीत आहेत, त्यामुळे आपल्याकडे कॅन्सर नाही असं कोणी म्हणू नये. यंत्रं संभाजीनगरात आहेत. अडचण वेळेची. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. मुंबईहून निघालेली बाटली सहा तासांनी पोचली तर दहावा हिस्सा उरतो. समृद्धी झाल्यापासून गाडी लवकर येते, पण अर्धायुष्याला टोल माफ नाही. टेक्नेशियमचं सोपं आहे, त्याचा जनरेटर येतो, म्हणजे मॉलिब्डेनम भरलेलं भांडं, ज्यात टेक्नेशियम तयार होत राहतं. आमच्या धंद्यात त्याला गायच म्हणतात, रोज सकाळी धार काढायची. आतलं मॉलिब्डेनम ६६ तासांनी निम्मं होतं, म्हणजे आठवड्यात गाय आटते आणि नवी आणावी लागते. इंडोसायनिन ग्रीनची तर नुसती पूड असते, कपाटात ठेवा. पाण्यात घोळली की सहा तासांत वापरायची, आणि टेक्नेशियमचं अर्धायुष्यही सहाच तास, हा योगायोग मला दरवेळी गंमतीचा वाटतो. म्हणजे कणावर दोन्ही खुणा बसवायची ती डच पद्धत आपल्याकडे यायला सायक्लोट्रॉन (फ्लोरिन-१८ बनवणारं मोठं यंत्र) लागत नाही. जनरेटर असलेला विभाग, फ्लुओरेसन्स कॅमेरा असलेलं थिएटर, अणुऊर्जा नियामक परिषदेचे परवाने आणि दोन्हीकडचे लोक एका टेबलाला बसणं एवढं लागतं. शेवटचं मिळवायला सर्वांत वेळ लागतो.

तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल: एम.एस्सी. फिजिक्स झाल्यावर भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. न्यूक्लिअर मेडिसिनच्याच कामात यायचं असेल तर परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचा डीएमआरआयटी हा डिप्लोमा बघा. दोन्हीच्या प्रवेशाच्या तारखा आणि अटी त्यांच्या अधिकृत जाहिरातीतच पाहा, व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफवर जाऊ नका. आणि संभाजीनगरला आलात तर सकाळी साडेसातच्या आत या, धार काढताना दाखवतो.